गट्टूचा कारखाना आणि आमदारकी : नागपूर जिल्ह्यातले एक प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूर जिल्ह्यात विधानसभेचे १२ मतदारसंघ आहेत, त्यातले सहा शहरात. हे प्रकरण त्यांपैकी एका मतदारसंघातले आहे. नाव, पक्ष, रकमा आणि ओळख पटेल असे बारकावे गाळले किंवा बदलले आहेत. ज्यांच्याबद्दल हे लिहिले आहे त्यांना इथे नुसते ‘भाऊ’ म्हटले आहे.

भाऊंचा हिंगणा-बुटीबोरी पट्ट्यातल्या औद्योगिक वसाहतीत सिमेंटचे गट्टू (जमिनीवर बसवायचे पेव्हर ब्लॉक), कर्बस्टोन (रस्त्याच्या कडेचे ठोकळे) आणि चेंबरची झाकणे बनवण्याचा कारखाना. संस्था भागीदारीची, आणि भागीदार तिघे : भाऊ, त्यांच्या पत्नी आणि मेहुणे. माल विकण्यासोबत तो बसवून देण्याचे कामही संस्था घ्यायची, म्हणून सार्वजनिक बांधकाम विभागाकडे ठेकेदार म्हणून नोंदणी होती. गिऱ्हाइके तीन तऱ्हेची. एक राज्य सरकारचे विभाग, दुसरी महानगरपालिका, नगरपंचायती, महामंडळे, आणि तिसरी रेल्वे व खासगी बिल्डर. रोजच्या धंद्यात ही विभागणी कुणी करत नाही, ज्याच्याकडून बिल वेळेवर निघते तो चांगला. पुढे मात्र सगळे प्रकरण याच विभागणीवर फिरले.

व्यापारी संघटनेत पंधरा-वीस वर्षे काम, एका शाळेच्या संस्थेत पद, गणपती-नवरात्रात वर्गणी, दवाखान्याच्या कामात धावपळ, अशा मार्गाने भाऊंचे नाव मतदारसंघात झाले होते. २०१९ च्या जानेवारीत पक्षाकडून विचारणा झाली. ऑक्टोबरच्या सुमारास निवडणूक होणार हे धरून चालायचे होते. हातात नऊ महिने होते.

अडचण

आमदाराने धंदा करू नये असे कायदा म्हणत नाही. खासगी कंपनीचा संचालक आमदार राहू शकतो, पगारही घेऊ शकतो. लाभाचे पद म्हणतात ते सरकारच्या हाताखालचे पद. स्वतःच्या कारखान्यातले पद त्यात मोडत नाही. खरी अडचण लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ९अ मध्ये आहे. धंद्याच्या ओघात संबंधित सरकारशी माल पुरवण्याचा किंवा त्या सरकारने हाती घेतलेले काम करण्याचा करार चालू असेल, तर ती व्यक्ती सदस्य होण्यास आणि राहण्यास अपात्र ठरते.

या एका वाक्यात चार गाठी आहेत आणि इच्छुक उमेदवार बहुतेक वेळा त्यातली एखादीच तपासतात.

पहिली गाठ ‘संबंधित सरकार’. विधानसभेसाठी ते राज्य सरकार, संसदेसाठी केंद्र सरकार. म्हणून रेल्वेला झाकणे पुरवणारा विधानसभा लढवू शकतो, लोकसभेला मात्र तोच करार आडवा येतो. महामंडळाचे काय, हा प्रश्न महाराष्ट्रातल्याच एका निवडणूक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००६ मध्ये न्यायालयाने सांगितले की पाटबंधारे महामंडळासारखी स्वतंत्र संस्था म्हणजे या कलमापुरते राज्य सरकार नव्हे. महानगरपालिकाही स्थानिक संस्था, त्यामुळे तिचे कंत्राट आमदाराला या कलमाखाली बाधत नाही. नगरसेवकाला मात्र महापालिका कायद्याखाली बाधते.

दुसरी गाठ कराराचा प्रकार. माल पुरवणे किंवा सरकारी काम करणे, एवढेच त्यात येते. खाणपट्टा त्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हरियाणातल्या एका प्रकरणात सांगितले आहे. गट्टू पुरवणे आणि बसवणे मात्र अगदी नेमके त्यात बसते.

तिसरी गाठ करार कुणाचा. कंपनी कायद्याने वेगळी व्यक्ती आहे. भागीदारी संस्था तशी नाही. संस्थेने केलेला करार प्रत्येक भागीदाराचा करार. भाऊ नेमके इथे अडकत होते.

चौथी गाठ ‘चालू’ या शब्दाची. कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की ठेकेदाराने आपल्या बाजूचे काम पूर्ण केले असेल, तर केवळ सरकारने पैसे दिले नाहीत म्हणून करार चालू मानायचा नाही. थकलेल्या बिलाची भीती बाळगून कित्येक जण विनाकारण हवालदिल होतात. पण दोष दायित्व कालावधी शिल्लक असेल तर ‘काम पूर्ण’ म्हणायचे का? त्या काळात गट्टू खचला तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, म्हणजे त्याच्या अंगावर काहीतरी बाकी असतेच. दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो, आणि जिथे वाद घालता येतो तिथे विरोधक तो घालणारच.

हे कलम नुसते कागदावरचे नाही. राम नाईक उत्तर प्रदेशचे राज्यपाल असताना, २०१५ मध्ये, सरकारी रस्त्यांची कंत्राटे घेतल्यावरून तिथल्या दोन आमदारांना निवडणूक आयोगाच्या मतानुसार अपात्र ठरवले गेले होते. सदस्य झाल्यानंतरची अपात्रता राज्यपाल ठरवतात आणि त्यांना आयोगाचे मत मागवून त्यानुसारच निर्णय द्यावा लागतो.

कंत्राटांची यादी

वकिलांनी पहिल्याच बैठकीत एक तक्ता मागितला. प्रत्येक करारापुढे पाच गोष्टी : कायद्याने समोरचा पक्ष कोण, कार्यारंभ आदेशाची तारीख, मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापे लिहायच्या सरकारी वहीतली) शेवटची नोंद, अंतिम देयकाची स्थिती, दोष दायित्व संपण्याची तारीख. लेखापालाला हे करायला तीन आठवडे लागले, कारण जुन्या फायली कामाच्या नावाने लावलेल्या होत्या, करार करणाऱ्याच्या नावाने नव्हत्या.

यादीतली बरीच नावे लगेच गळाली. महापालिकेची कामे, पाटबंधारे महामंडळाचे पूर्ण झालेले एक काम आणि रेल्वेचा पुरवठा बाजूला गेला. सार्वजनिक बांधकाम विभागाची दोन कामे उरली. एक वसतिगृहाच्या आवाराचे, मार्चमध्ये पूर्ण झालेले, पण दोन वर्षांचे दोष दायित्व चालू असलेले. दुसरे रस्त्याच्या कडेच्या पदपथाचे. ते फेब्रुवारीत सुरू होऊन जूनपर्यंत साठ टक्क्यांवर आले होते.

पर्याय

सगळ्यांनी आधी सुचवलेला मार्ग म्हणजे भाऊंनी भागीदारीतून बाहेर पडावे. निवृत्तीपत्र एका दिवसात होते. पण भागीदारी अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे निवृत्त भागीदाराची जुनी देणी-दायित्वे आपोआप सुटत नाहीत, समोरच्या पक्षाची संमती लागते. शिवाय सह्या करताना भाऊ भागीदार होते. निबंधकांकडे नोंद आणि जाहीर नोटीस करायची राहून गेली तर कागदोपत्री ते भागीदारच दिसणार. हा मार्ग जवळचा वाटला तरी त्यावर एकट्यावर विसंबण्यासारखा नव्हता.

दुसरा मार्ग संस्थेचे प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत रूपांतर करण्याचा. पुढच्या काळासाठी हाच बरोबर होता, पण जुनी कंत्राटे विभागाच्या लेखी मान्यतेशिवाय कंपनीच्या नावावर जात नाहीत. जीएसटी नोंदणी, बँकेचे कर्ज, कारखान्याची ना-हरकत, सगळे नव्याने. उरलेल्या वेळात हे करून वर निवडणूक लढवणे जमले नसते.

तिसरा, पदपथाचे काम घाईने संपवायचे. त्यात पावसाळा आडवा होता. गट्टूखालचा वाळूचा थर २५ ते ४० मिलिमीटर लागतो आणि तो भिजला की धुम्मस नीट बसत नाही. ऑगस्टमध्ये रेटून केलेले काम दिवाळीत खचले असते, तेही उमेदवाराच्या नावावर.

चौथा, पदपथाचे काम आहे त्या स्थितीत मोजून बंद करायचे आणि वसतिगृहाच्या कामाचे दोष दायित्व दुसऱ्या नोंदणीकृत ठेकेदाराने विभागाच्या संमतीने अंगावर घ्यायचे. करार अधिनियमाच्या कलम ६२ प्रमाणे जुन्याच्या जागी नवा करार झाला की जुना पाळायचे बंधन उरत नाही. यात पैसा जाणार होता : उरलेल्या कामाचा नफा, अडकलेली सुरक्षा ठेव, आणि नव्या ठेकेदाराला द्यायची बँक हमी.

एका हितचिंतकाने पाचवा मार्गही काढला. सगळे पत्नीच्या नावावर करून टाका. कलम ९अ उमेदवाराच्या स्वतःच्या करारापुरते आहे, त्यामुळे कायद्यात ते बसलेही असते. पण नामनिर्देशनासोबतच्या नमुना २६ च्या शपथपत्रात पती किंवा पत्नी, अवलंबित, एकत्र कुटुंब, भागीदारी संस्था आणि खासगी कंपनी या सगळ्यांचे सरकारी करार विचारलेले असतात. म्हणजे करार टिकला असता आणि मतदारांसमोर पत्नीच्या नावाने आला असता. वहिनींनी स्वतःच याला नकार दिला. आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यात शहाणा नकार तोच.

काय केले

चौथा मार्ग धरला आणि त्याला निवृत्तीपत्राची जोड दिली. जुलैमध्ये दोन्ही कामांसाठी कार्यकारी अभियंत्यांकडे अर्ज गेले. पदपथाचे अंतिम मोजमाप ऑगस्टअखेर झाले आणि काम कुठल्याही बाजूचे येणे-देणे न वाढवता बंद केल्याचे पत्र मिळाले. अंतिम देयक थकले, पण त्याने बाधा येत नव्हती.

वसतिगृहाच्या कामाची फाईल मात्र अडली. अधीक्षक अभियंत्यांची मान्यता लागत होती आणि २१ सप्टेंबरला निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली. ‘आता कशावरच सही नको’ असा कार्यालयाचा पवित्रा. त्यात शाखा अभियंता आणि उपअभियंता निवडणुकीच्या कामावर गेलेले. या पत्राने कुणाला नवे काम मिळत नाही, निधी खर्ची पडत नाही, फक्त आहे ती जबाबदारी एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे जाते, असे लेखी टिपण वकिलांनी दिले तेव्हा फाईल हलली. ३० सप्टेंबरला विभाग, भाऊंची संस्था आणि नवा ठेकेदार यांच्या त्रिपक्षीय पत्रावर सह्या झाल्या. २ ऑक्टोबरची सुट्टी, ४ ला अर्ज भरण्याची मुदत संपणार, ५ ला छाननी. इतके काठावर आले.

शपथपत्र भरताना तीन गोष्टी कसोशीने पाळल्या. एकही रकाना कोरा ठेवला नाही. जिथे सांगण्यासारखे नव्हते तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहिले. कोरे रकाने असलेले शपथपत्र चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितले आहे. विक्रीकराच्या जुन्या अपिलातली रक्कम वादातील दायित्व म्हणून दाखवली, कुठल्या प्राधिकाऱ्यापुढे प्रकरण आहे त्यासह. आणि बंद केलेली दोन्ही सरकारी कामे, महामंडळाचे व महापालिकेचे करार, सगळे नमूद केले. प्रचारप्रमुखांना हे पटत नव्हते, आपणच विरोधकांच्या हाती कोलीत का द्यायचे, असे त्यांचे म्हणणे होते. पण खोट्या किंवा लपवलेल्या माहितीला कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि निवडून आल्यावर हीच माहिती निवडणूक याचिकेत बाहेर येते. लपवलेली गोष्ट बाहेर आली तर मूळ गोष्टीपेक्षा जड जाते, हा वकिलांचा मुद्दा टिकला.

खर्चाच्या बाजूने एकच सांगण्यासारखे. त्या वेळी मर्यादा २८ लाखांची होती (आता ४० लाख). उद्योजकाच्या घरी गाड्या, माणसे, गोदाम आयतेच असते आणि ते ‘आपलेच’ म्हणून वापरले जाते. कारखान्याचा टेम्पो प्रचाराला निघाला की त्याचे भाडे खर्चात धरावे लागते. पगारी कामगार पत्रके वाटायला गेला तर तोही खर्चच. भाऊंनी महिनाभर कारखान्याच्या फाटकावर वाहनांची वेगळी नोंदवही ठेवली आणि त्यामुळे खर्च निरीक्षकांच्या तपासणीत अडचण आली नाही.

छाननीचा दिवस

शनिवार, ५ ऑक्टोबर. विरोधी उमेदवाराच्या प्रतिनिधीने हरकत घेतली ती नेमकी त्रिपक्षीय पत्रावर. पत्रावर जावक क्रमांक होता, पण तारखेची जागा कोरी. सहीखाली कुणीही तारीख घातलेली नव्हती. पत्र कधीपासून लागू आहे हेच त्यावरून कळत नाही, मग आज करार चालूच आहे, असा युक्तिवाद. तो पोकळ नव्हता. पात्रता पाहायची ती छाननीच्या दिवशीची.

भाऊंच्या बाजूने दोन गोष्टी झाल्या. कलम ३६ प्रमाणे हरकतीचे खंडन करायला निवडणूक निर्णय अधिकारी जास्तीत जास्त एक दिवस सोडून पुढच्या दिवसापर्यंत वेळ देऊ शकतात. तो वेळ लगेच मागितला. आणि महिन्याचा पहिला शनिवार असल्याने, त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे, बांधकाम विभागाचे कार्यालय उघडे होते. तिथून जावक नोंदवहीच्या त्या पानाची साक्षांकित प्रत आणली. पानावर त्याच क्रमांकापुढे ३० सप्टेंबर, आणि आधीच्या-नंतरच्या नोंदी ओळीने. संध्याकाळी हरकत फेटाळली गेली. छाननीतली चौकशी संक्षिप्त असते. कागद समोर असेल तर प्रश्न मिटतो, ‘आणून देतो’ म्हटले तर संशय राहतो.

निकाल २४ ऑक्टोबरला लागला, भाऊ निवडून आले. त्यानंतर ४५ दिवस निवडणूक याचिकेची मुदत. नागपूर खंडपीठात याचिका दाखल झाली नाही.

आमदार झाल्यावर : निधी आणि गट्टू

इथपर्यंतची गोष्ट कायद्याची होती आणि ती नीट सांभाळली गेली. जे चुकले ते यानंतर.

२०२० मध्ये संस्थेची कंपनी झाली. भाऊंनी संचालकपद सोडले, भाग (शेअर) ठेवले, व्यवस्थापन मेहुण्यांकडे गेले. राज्य सरकारच्या कोणत्याही विभागाचे काम कंपनी घेणार नाही असा संचालक मंडळाचा ठराव झाला. सगळ्यांना वाटले, प्रश्न सुटला.

आमदार स्थानिक विकास निधी २०१९ मध्ये वर्षाला २ कोटी होता, तो टप्प्याटप्प्याने वाढून २०२२ मध्ये ५ कोटी झाला. आमदार फक्त काम सुचवतो. शिफारशीचे पत्र जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडे जाते, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता होते, जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता मिळते, मग अंमलबजावणी यंत्रणा निविदा काढते. छोट्या कामांत मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांचा राखीव हिस्सा असतो. कागदावर आमदाराचा ठेकेदाराशी कुठेच संबंध येत नाही.

पण लोक आमदाराकडे मागतात काय? गल्लीत गट्टू. वस्तीतल्या बायाबापड्या येतात, चिखल होतो म्हणतात, आणि ते खरे असते. तीन मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब गल्ली म्हणजे ३०० चौरस मीटर. २०० बाय १०० मिलिमीटरचा गट्टू चौरस मीटरला ५० लागतो, म्हणजे १५ हजार गट्टू. ८० मिलिमीटर जाडीचा असेल तर सुमारे ५६ टन वजन, १५ टनी ट्रकच्या चार फेऱ्या. इतका जड माल लांबून आणणे परवडत नाही, जो कारखाना जवळ तोच स्वस्त पडतो. आणि जवळचा कारखाना भाऊंचा होता. छोट्या ठेकेदाराने डोळे मिटून हिशेब केला तरी तो तिथेच येणार.

त्यात भर म्हणजे त्यांची समजूत. एका ठेकेदाराने पुढे बोलण्याच्या ओघात सांगितले, ‘‘भाऊंचाच माल टाकून राहिलो साहेब, बिलाला मग कोणी अडवत नाही.’’ असे कुणी त्याला सांगितलेले नव्हते, अभियंत्यांवर दबाव आणल्याचेही काही पुढे आले नाही. पण ही समजूत बाजारात पसरली होती, आणि हितसंबंध म्हणतात तो प्रत्यक्षात असाच वावरतो.

२०२१ च्या पावसाळ्यानंतर एका वस्तीतली गल्ली खचली. पाण्याचा टँकर वळताना मागचे चाक रुतले. गट्टू उपसून पाहिले तर जाडी ६० मिलिमीटर, अंदाजपत्रकात मात्र ८०. कडेला गट्टू आवळून धरणारी काँक्रीटची पट्टी घातलेलीच नव्हती, त्यामुळे टोकाची रांग सरकली, सांध्यांतली वाळू वाहून गेली आणि मधला भाग बसला. हलक्या रहदारीला ६० चालतो, पण टँकर आणि घंटागाडी रोज वळणार असेल तर ८० आणि एम-४० प्रतीचाच लागतो. ठेकेदाराने कारखान्यातून ६० चाच माल घेतला होता आणि चलानावर तसे स्पष्ट लिहिलेले होते. जाडीतला फरक म्हणजे मालात पाव भाग बचत, ती त्याच्या खिशात गेली. कारखान्याचा यात दोष नव्हता.

माहिती अधिकारात एका कार्यकर्त्याने आमदार निधीच्या सगळ्या गट्टूकामांचे चाचणी अहवाल मागवले. खरेदीची बिले खासगी असतात, ती मिळत नाहीत, पण दाबक्षमतेचा अहवाल देयकासोबत जोडावा लागतो आणि त्यावर उत्पादकाचे नाव असते. निम्म्याहून जास्त कामांवर एकच नाव निघाले. बातमी छापून आली. ‘आमच्या कंपनीने एकही सरकारी काम घेतलेले नाही’ हा खुलासा शब्दाने खरा होता आणि तरी कुणालाही पटला नाही.

नुसती बदनामी नव्हती, धोकाही होता. आमदार भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या अर्थाने लोकसेवक आहे. शिफारस त्याची, फायदा त्याच्या कंपनीचा, आणि मध्ये समजुतीचा धागा असेल तर चौकशीला आधार मिळतो. चौकशी झाली नाही, पण होऊ शकली असती.

इथे तीन पर्याय होते. कारखान्यातला गट्टू विभाग विकून टाकायचा. किंवा निधीतून गट्टूची कामे सुचवायचीच नाहीत. किंवा मतदारसंघातल्या निधीकामांना कारखान्याने माल द्यायचा नाही. विक्रीला मेहुण्यांचा विरोध होता आणि कामगारांच्या रोजीचाही प्रश्न होता. गट्टू सुचवायचे नाहीत म्हणजे चिखलात राहणाऱ्या लोकांना आपल्या सोयीसाठी नाही म्हणायचे, ते भाऊंना पटले नाही. तिसरा पर्याय स्वीकारला.

तो अमलात आणणे सोपे नव्हते. माल घेताना कामाचे नाव आणि कार्यारंभ आदेशाचा क्रमांक चलानावर लिहिणे सक्तीचे केले. पहिले दोन महिने ठेकेदार व्यापाऱ्यामार्फत माल उचलत राहिले. मग साच्यातच बदल करून गट्टूच्या खालच्या बाजूला कारखान्याची खूण घातली आणि व्यापाऱ्यांना लेखी कळवले की या कामांवर खूण सापडली तर पुढचा माल बंद. नमुना उपसून पाहिला की कळत असे. मतदारसंघातली विक्री जवळजवळ थांबली. कंपनीने कर्बस्टोन, झाकणे आणि खासगी कारखान्यांच्या आवारभिंतींकडे मोर्चा वळवला. तोटा दोन वर्षे सोसावा लागला.

सभागृहात आणि विभागात

पदपथाचे अंतिम देयक थकलेले होते. आमदाराने एक फोन केला असता तर ते महिन्यात निघाले असते. भाऊंनी आमदार झाल्यापासून त्या विषयावर तोंड उघडायचे नाही असे ठरवले. पाठपुरावा मेहुण्यांनी लेखी करायचा, भाऊंच्या पत्रशीर्षावर एक ओळ नाही. देयक निघाले ते तिसऱ्या आर्थिक वर्षाच्या मार्चअखेर. हा निर्णय छोटा दिसतो, पण ज्या अभियंत्यावर आपल्या बिलाचे उपकार आहेत त्याच्या कामाबद्दल सभागृहात प्रश्न विचारता येत नाही.

दुसरा प्रसंग दरसूचीचा. ठेकेदार संघटनेला गट्टूचे सरकारी दर वाढवून हवे होते आणि तो विषय लक्षवेधीने मांडायला भाऊंइतका जाणकार आमदार दुसरा नव्हता. पण दर वाढले की त्यांच्या कंपनीलाही फायदा. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही असते, लोकसभेच्या नियम ३७१ खाली प्रत्यक्ष आर्थिक हितसंबंध असलेल्या सदस्याच्या मतावर हरकत घेता येते. भाऊंनी त्याच धर्तीवर वागायचे ठरवले. दराचा विषय दुसऱ्या सदस्याने मांडला. भाऊ डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात दर्जावर बोलले. सुरुवातीलाच ‘या मालाचा माझ्या कुटुंबाचा कारखाना आहे’ असे सांगून, जाडी मोजल्याशिवाय आणि कडेची पट्टी पाहिल्याशिवाय मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊ नये अशी मागणी त्यांनी केली. धंदा माहीत असलेला आमदार किती उपयोगी पडू शकतो ते इथे दिसले.

मंत्रिपदाची चर्चाही एकदा झाली. मंत्र्यांच्या आचारसंहितेत सरकारला माल पुरवणाऱ्या व्यवसायातले हितसंबंध पूर्ण सोडावे लागतात, आणि ते पती-पत्नीला देऊन चालत नाही, दुसऱ्या सज्ञान नातेवाइकाला द्यावे लागतात. वहिनींचे भाग पाहता ती तयारी नव्हती. पद आले नाही, त्यामुळे प्रश्न तिथेच थांबला.

निष्पत्ती

२०२४ च्या छाननीत भाऊंच्या अर्जावर हरकत आली नाही. नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा निवडून आले, मताधिक्य आधीपेक्षा कमी. गट्टूच्या बातमीचा त्यात किती वाटा होता ते वेगळे काढून दाखवणे शक्य नाही, पण प्रचारात तो विषय दर सभेत निघाला. खचलेली गल्ली ठेकेदाराकडून पुन्हा करून घेतली गेली, ८० मिलिमीटरने आणि कडेच्या पट्टीसह.

काय वेगळे करता आले असते

कंपनी आधी व्हायला हवी होती. विचारणा येण्याची वाट न पाहता, राजकारणात यायचे मनात आले त्याच वर्षी. मग सप्टेंबरातली धावपळ टळली असती. सरकारी कार्यालयाचे पत्र हातात घेताना जावक क्रमांक, तारीख, सहीखालचे पदनाम आणि शिक्का हे चारही तिथल्या तिथे पाहायला हवे होते. त्या एका कोऱ्या जागेने उमेदवारी गेली असती.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे संचालक मंडळाचा ठराव. त्यात ‘सरकारी काम घेणार नाही’ असे होते, ‘मतदारसंघातल्या सरकारी कामाला माल देणार नाही’ असे नव्हते. वकिलांना विचारलेला प्रश्न अपात्रतेचा होता, त्यांनी त्याचे उत्तर बरोबर दिले. पुरवठ्याची साखळी कुठवर जाते हे कारखान्याचा विक्री व्यवस्थापक सांगू शकला असता, पण त्याला त्या बैठकीत बोलावलेच नव्हते. तो पहिल्या दिवसापासून बसला असता तर चलानाची पद्धत २०२० मध्येच लागली असती.

चाचणी अहवाल आणि कामांची यादी भाऊंनी बातमीनंतर आपल्या कार्यालयाच्या फलकावर लावली. आधी लावली असती तर माहिती अधिकाराचा अर्जच करावा लागला नसता, आणि ६० मिलिमीटरचा माल वस्तीतल्याच कुणीतरी बसवताना पकडला असता. आता प्रत्येक कामाच्या ठिकाणी जाडी, प्रत आणि ठेकेदाराचे नाव लिहिलेली पाटी लागते.

एक निर्णय अजून बाकी आहे. भाऊंच्या मुलाने मित्रासोबत एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) काढली आहे, रस्त्यांच्या कामासाठी. तो अवलंबित नसल्यामुळे २०२४ च्या शपथपत्रात तिचा उल्लेख करावा लागला नाही आणि कलम ९अ चाही संबंध येत नाही. आतापर्यंत ती फक्त खासगी ले-आऊटची कामे घेते. बांधकाम विभागाच्या निविदेत उतरायची परवानगी मुलाने मागितली आहे. भाऊंनी त्याला सांगितले आहे की जिल्ह्याबाहेरची कामे भर, आणि भरण्याआधी यादी विक्री व्यवस्थापकाला आणि वकिलांना दाखव. मुलाला ‘जिल्ह्याबाहेर’ ही अट मान्य नाही, त्याला ‘मतदारसंघाबाहेर’ एवढेच हवे आहे. येत्या पावसाळ्यानंतर निविदा निघायच्या आत यावर लेखी काहीतरी ठरवावे लागणार आहे.